माळ, वेल आणि कमळ : बौद्ध लेण्या-स्तूपांवरील फुलांची नक्षी

एका वस्तीतल्या विहाराच्या जीर्णोद्धाराची बैठक होती. ठेकेदाराने प्रवेशद्वाराच्या कमानीचा नमुना आणला, त्यावर कमळे होती. एक दादा म्हणाले, "हे पक्षाचं चिन्ह आहे, आपल्या विहारावर नको." एका ताईंचे म्हणणे, "कमळ म्हणजे लक्ष्मीचं आसन. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी ते दारावर का लावायचं?" दोन-तीन तरुण उलट टोकाला. त्यांचे म्हणणे, जिथे कमळ तिथे बुद्ध, देशातले प्रत्येक जुने मंदिर त्यावरून ओळखता येते. दोन तास चर्चा झाली आणि शेवटी कमळे काढून गुलाब बसवायचे ठरले. आपल्या लेण्यांच्या नक्षीत गुलाब मला आजवर दिसलेला नाही.

त्या बैठकीतले कोणीच चुकीच्या हेतूने बोलत नव्हते. पण लेण्यात गेल्यावर आपण बुद्धमूर्ती पाहतो, शिलालेख शोधतो, स्तूपाला वंदन करतो आणि कडेच्या वेलबुट्टीला 'सजावट' म्हणून पुढे जातो. ही वेलबुट्टी बौद्ध कलेत बुद्धमूर्तीच्याही आधीची आहे. तिला विनयाचा आधार आहे, आणि ती कोणी कोरली, कोणाच्या दानातून उभी राहिली, याच्या नोंदी दगडावर आहेत.

विनयाने दिलेली परवानगी

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सेनासनक्खंधक नावाचा भाग आहे. भिक्खूंची निवासस्थाने कशी असावीत याचे नियम त्यात आहेत. भिंतींना पांढरा आणि काळा रंग व गेरू लावायला तिथे परवानगी मिळते. पुढे प्रसंग येतो तो छब्बग्गिय भिक्खूंचा, म्हणजे विनयात सतत काही ना काही गडबड करणाऱ्या सहा जणांच्या गटाचा. त्यांनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढून घेतली. विहार पाहायला आलेले लोक नाराज झाले, हे तर चैनीत राहणाऱ्या गृहस्थांसारखे झाले, असे म्हणू लागले. गोष्ट तथागतांच्या कानावर गेली. त्यांनी अशा चित्रांना मनाई केली, पण भिंती कोऱ्या ठेवा असे सांगितले नाही. चार प्रकारच्या नक्षीला त्यांनी अनुमती दिली : मालाकम्म, लताकम्म, मकरदंतक आणि पंचपटिक. मालाकम्म म्हणजे फुला-माळांचे काम. लताकम्म म्हणजे वेलींचे काम. मकरदंतक म्हणजे मगरीच्या दातांसारखी त्रिकोणी दातेरी नक्षी. पंचपटिक ही पट्ट्यांची रचना.

चारपैकी पहिल्या दोन जागा फुलाला आणि वेलीला मिळाल्या आहेत. दुसरीकडे अष्टशीलातले सातवे शील माळा, गंध आणि उटणी अंगावर धारण करण्यापासून दूर राहायला सांगते. फूल अंगावर नको, भिंतीवर चालेल. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. अंगावरची माळ स्वतःला मिरवते. भिंतीवरची माळ जागेला प्रसन्न करते, आणि ती जागा सर्वांची असते.

पुढच्या काळात मनुष्याकृतींवरची ही मर्यादा सर्वत्र राहिली नाही. मूलसर्वास्तिवादी विनयात तर विहारात कुठे कोणते चित्र काढावे याच्या सूचनाच आहेत. अजिंठ्याच्या भिंतीही माणसांनी भरलेल्या आहेत. तरीही तिथली छते आणि खांब मोठ्या प्रमाणात फुला-वेलींकडेच राहिले.

पदुम, पुंडरीक, उप्पल

पाली साहित्यात 'कमळ' या एका शब्दावर भागत नाही. पदुम साधारणपणे लाल किंवा गुलाबी, पुंडरीक पांढरे, तर उप्पल म्हणजे पाण्यालगत उमलणारे निळसर कमळ. अरियपरियेसन सुत्तात, संबोधीनंतर धम्म सांगावा की नाही असा विचार चालू असताना, तथागतांना लोक कमळांच्या तळ्यासारखे दिसतात. काही कमळे पाण्याखालीच वाढतात, काही पाण्याच्या पातळीला येऊन थांबतात, काही पाण्यावर येऊन उमलतात. माणसांचेही तसेच आहे, काहींना धम्म समजेल, म्हणून तो सांगितला पाहिजे. धम्म सांगण्याच्या निर्णयाशीच कमळाची उपमा जोडलेली आहे. अंगुत्तर निकायात द्रोण ब्राह्मण तथागतांना तुम्ही देव आहात का, माणूस आहात का असे विचारतो. तिथेही पाण्यात वाढून पाण्याने न माखणाऱ्या कमळाचाच दाखला येतो.

मिलिंदपञ्हातला दृष्टान्त मला जास्त आवडतो. (याच ग्रंथातल्या राजाचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले.) तिथे नागसेन कमळाचे तीन गुण सांगतात. पहिले दोन ओळखीचे आहेत, पाण्यात असून अलिप्त राहणे आणि पाण्याच्या वर उभे राहणे. तिसरा गुण असा, की कमळ अगदी हलक्या वाऱ्यानेही थरथरते. भिक्खूनेही बारीकशा दोषाच्या शक्यतेने तसेच सावध व्हावे. लेण्यांतली कमळे पाहताना हा तिसरा गुण सहसा कोणाला आठवत नाही.

वेदिकेवरचे कमळ कसे वाचावे

सर्वांत जुनी आणि सर्वांत शिस्तीची नक्षी पाहायची असेल तर स्तूपाभोवतालच्या वेदिकेकडे, म्हणजे दगडी कठड्याकडे बघावे. सांचीच्या स्तूप क्रमांक २ ची वेदिका इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. मध्य प्रदेशातल्याच भरहुतची वेदिका त्याच सुमाराची. ती अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडली आणि तिचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे.

वेदिकेचे तीन भाग असतात. उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची आणि सर्वांवरून जाणारा माथ्याचा दगड, म्हणजे उष्णीष. ही रचना लाकडी कुंपणाची आहे, दगडात तिची नक्कल झाली. खांबाच्या मधोमध पूर्ण गोल कमळ आणि वर-खाली अर्धे कमळ, ही ठरलेली मांडणी. सूचीवर मधोमध एक गोल कमळ. अशी खांब-सूचीची रांग लागली की प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या डोळ्यासमोरून कमळांची एक ओळ सरकत राहते. ज्या उंचीवर नजर जाते तिथे फूल पूर्ण आहे, पायाशी आणि डोक्याशी अर्धे.

त्या गोल कमळातही क्रम असतो. मधोमध बियांचे ठिपके असलेली कर्णिका, तिच्याभोवती केसरांचे वलय, मग पाकळ्यांची एक किंवा अनेक वर्तुळे. मागच्या रांगेतल्या पाकळीचे टोक पुढच्या दोन पाकळ्यांच्या फटीतून डोकावते. आंध्र प्रदेशातल्या अमरावतीच्या वेदिकेवर पाकळ्यांच्या रांगा वाढत गेल्या आणि कोरीवकाम अतिशय नाजूक झाले. तिथले बरेच दगड आज चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

भरहुतच्या उष्णीषावर वेगळी गंमत आहे. तिथे एक लांबच लांब वेल नागमोडी जाते. तिच्या प्रत्येक वळणात कुठे फळ, कुठे दागिना, कुठे जातककथेतला प्रसंग. वेल इथे पुस्तकातल्या ओळीचे काम करते. तिच्याबरोबर चालत राहायचे आणि एकेक कथा वाचायची. त्याच वेदिकेवर पूर्वबुद्धांचे बोधिवृक्ष नावांसह कोरले आहेत. विपस्सी बुद्धांचा पाटली, वेस्सभूंचा साल, कस्सपांचा वड आणि शाक्यमुनींचा पिंपळ. प्रत्येक झाडाचे पान वेगळे काढले आहे. बुद्धांची मानवी आकृती त्या काळात कोरली जात नव्हती. त्यामुळे कोणते पान कोरले आहे, यावर कोणते बुद्ध हे ठरत होते. पान चुकले असते तर अर्थ चुकला असता.

पान ओळखण्यात मोठी माणसेही फसतात, हे जाता जाता सांगायला हवे. भरहुतच्या नक्षीतले एक फळ कनिंगहॅम यांना सीताफळ वाटले. सीताफळ अमेरिकेतून आलेले मानले जाते, त्यामुळे तो वाद दीर्घकाळ चालला. लेण्यातले फूल पाहून लगेच नाव ठोकून देण्याआधी हे आठवावे.

कोणाच्या हातची, कोणाच्या दानाची

सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे. विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी हे कोरीवकाम केले, असे तो सांगतो. हे वाचले की तोरणावरच्या वेलींची बारीक वळणे समजतात. कंगवे, आरशाच्या मुठी, डब्या कोरणाऱ्यांची बोटे तिथे दगडावर चालली आहेत. घरातल्या वस्तूंवरची नक्षी तोरणावर चढली.

महाराष्ट्रातले लेखही पाहू. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सिंहदत्ताने दिले. तो गंधिक होता, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. त्याच दाराच्या कामाशी धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराचे नाव जोडलेले आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका मालाकाराचे, म्हणजे फुलांची लागवड आणि माळांचा व्यवसाय करणाऱ्याचे दान आहे. राजे आणि श्रेष्ठी होतेच, पण त्यांच्या जोडीने रोज फुलांत हात घालणाऱ्यानेही खडकात दान कोरून ठेवले. आपल्या लेणी-अभ्यास सहलींत धम्मलिपी शिकणाऱ्या मुलांना मी हे लेख आधी वाचायला सांगतो. 'मालाकार' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले पोर पुढे खांबावरच्या माळेकडे नुसते पाहून जात नाही.

कार्ल्याचा एक खांब तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या धम्मुत्तरीय भाणकाने, म्हणजे धम्मग्रंथ मुखोद्गत करून सांगणाऱ्याने, तो दान दिला. लेखात खांब 'सशरीर' दिल्याचे म्हटले आहे. शरीर म्हणजे इथे धातू, अस्थी. खांबावर एक कमळ कोरले आहे आणि त्याच्या मध्यभागी धातू ठेवण्यासाठी खाच आहे. कर्णिकेच्या जागी, जिथे एरवी बियांचे ठिपके असतात, तिथे धातू. या कमळाला सजावट म्हणणे कठीण आहे.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत क्रमांक ३ चे लेणे गौतमी बलश्रीच्या दानाचे. दर्शनी भागातल्या कठड्यावर वेदिकेची नक्षी आहे, तिच्यात कमळे आहेत, आणि खाली दणकट यक्ष जणू सगळा भार पेलत आहेत. आतल्या दाराभोवती सांचीच्या तोरणाचा नमुना कोरला आहे. सांचीची मांडणी सह्याद्रीच्या कातळात आलेली पाहायची असेल तर हे दार पाहावे.

अजिंठा : मान वर करून पाहायचे

अजिंठ्याला गेलेल्या दहापैकी नऊ जणांना पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतो, पण वरचे छत आठवत नाही. पद्मपाणीच्या हातातल्या निळ्या कमळाचे देठ ज्या सहजतेने धरले आहे, ती सहजता छतावर शेकडो चौकटींत पसरलेली आहे. लेणे क्रमांक १, २ आणि १७ ची छते, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, एखादा मोठा चांदवा ताणून बांधावा तशी रंगवली आहेत. मध्यभागी कमळाचे वर्तुळ, त्याभोवती एकामागून एक पट्टे, एखाद्या पट्ट्यात कमळवेलीतून फिरणारे हंस, कोपऱ्यांत उडत्या आकृत्या. उरलेल्या जागेत लहान चौकोन, आणि प्रत्येकात काहीतरी निराळे. फुलांचे घोस, आंबे, पक्षी, झुंजणारे प्राणी, पोट सुटलेले बुटके गण. एकच ठसा वारंवार मारल्यासारखा कंटाळा कुठेही येत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. खडबडीत खडकावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि चुना इथलेच. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून यायचा. वाघूरच्या दरीतल्या छतावर निळे कमळ दिसले की त्या रंगाने केलेला प्रवास डोळ्यासमोर येतो.

या नक्षीची दखल एका माणसाने नीट घेतली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करायला सुरुवात केली. काम १८८५ पर्यंत चालले. लंडनला पाठवलेल्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ च्या आगीत जळाल्या. रॉबर्ट गिल यांच्या आधीच्या प्रतिकृतीही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्याच होत्या. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ काढला, त्यातला दुसरा खंड जवळजवळ पूर्ण नक्षीकामाला दिला. मूळ छतावरचे रंग आज बरेच गेले आहेत, त्यामुळे या पानांचे मोल वाढले आहे. जे. जे. मधल्या त्या काळच्या मातीच्या भांड्यांवरही अजिंठ्याची फुले उतरली. पुढे पैठणीच्या पदरावरच्या कमळाला 'अजिंठा कमळ' म्हणण्याची पद्धत पडली. पैठणी नेसणाऱ्या किती जणींना त्या नावाचा उगम माहीत असतो, कोण जाणे.

अजिंठ्याचा आणखी एक धागा आपल्या जवळचा आहे. १९०९ च्या अखेरीस लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्याची चित्रे उतरवायला आलेल्या तरुण चित्रकारांत नंदलाल बोस होते. चाळीस वर्षांनी भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम याच नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनमधल्या शिष्यांसह केले. उद्देशिकेच्या पानाची नक्षीदार चौकट त्यांचे शिष्य ब्योहर राममनोहर सिन्हा यांची.

देशाबाहेर ही नक्षी स्थानिक झाडांशी मिसळली. गांधारात ग्रीक धाटणीची अकँथसची पाने आली आणि कधी कधी त्या पानांत छोटी बुद्धमूर्ती बसली. श्रीलंकेत विहाराच्या पायरीशी अर्धचंद्राकृती दगड असतो. त्यावर हत्ती, घोडे, सिंह, बैल, वेल आणि हंस यांच्या रांगा ओलांडून मध्यावर अर्धे कमळ येते. चीनमधल्या तुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांत छताच्या मधोमध मोठे कमळ रंगवलेले आहे. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ते परके वाटत नाही.

लक्ष्मी, पक्ष आणि 'कमळ दिसले की बुद्ध'

आता त्या बैठकीतले तीन आक्षेप.

सांची आणि भरहुत या दोन्ही ठिकाणी कमळावरची स्त्री आणि तिच्यावर पाणी ओतणारे दोन हत्ती, असे शिल्प आहे. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातल्या एका चैत्यगृहाची दर्शनी कमान तर कमळाच्या पाकळ्यांसारखी विभागली आहे आणि मधल्या पाकळीत हीच आकृती आहे. फ्रेंच अभ्यासक फुशे आणि त्यांच्या मागोमाग मार्शल यांनी तिला महामाया, म्हणजे बुद्धजन्माचे प्रतीक मानले. आनंद कुमारस्वामी आणि इतरांनी तिला श्री-लक्ष्मी म्हटले. भरहुतला 'सिरिमा देवता' असे नाव कोरलेली स्वतंत्र आकृतीही आहे. माझे मत असे, की त्या काळी हे मंगलचिन्ह सर्वांचे होते आणि आपल्या पूर्वजांनी ते चैत्यगृहाच्या दारावर निःसंकोच कोरले. त्यावर आज कोणी एकाने हक्क सांगावा आणि आपण तो मान्य करून मागे सरावे, याला काही कारण नाही.

पक्षाच्या चिन्हाचे म्हणाल तर हत्तीही निवडणूक चिन्ह आहे. म्हणून सांचीच्या तोरणावरचे हत्ती कोणी झाकत नाही.

तिसरा मुद्दा आपल्या तरुणांचा, आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. मथुरेच्या जैन आयागपटांवर कमळ आहे, हिंदू मंदिरांच्या छतांवर आहे, मशिदी-मकबऱ्यांच्या कमानींवरही आहे. निव्वळ कमळावरून एखादी वास्तू बौद्ध ठरत नाही. ते ठरवतात स्तूप, चैत्यगृहाचा आराखडा, विहाराच्या खोल्या, आणि सर्वांत आधी शिलालेख. समाजमाध्यमांवर फक्त एका फुलाच्या फोटोवर दावा केला, की समोरचा तो एका मिनिटात खोडतो, आणि त्याच दिवशी केलेला आपला खरा, पुराव्याचा दावाही लोक ऐकत नाहीत.

कमळ आपण स्वतःहून कसे विसरतो याचे सर्वांत मोठे उदाहरण रोज आपल्या खिशात असते. सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षात सिंहांखाली चक्रांची पट्टी आहे, आणि तिच्याखाली घंटेसारखे उलटे कमळ. २६ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रचिन्ह स्वीकारताना हे कमळ वगळण्यात आले. नाण्यावर, नोटेवर, शासकीय पत्रावर सिंह आणि चक्र आहेत, कमळ नाही. सारनाथच्या संग्रहालयात मूळ शीर्ष पाहिलेल्या अनेकांना ते तिथेच पहिल्यांदा दिसते.

विहार बांधताना

दादरच्या चैत्यभूमीचे प्रवेशद्वार सांचीच्या तोरणाच्या धर्तीवर आहे, त्यामुळे बहुतेक वस्त्यांत 'तोरण हवे' हे ठरलेले असते. नक्षी मात्र ठेकेदाराच्या पुस्तकातून येते. प्लास्टरचे तयार साचे, लग्नाच्या हॉलचीच फुले. समितीने दोन गोष्टी केल्या तरी पुरे. नमुना ठरवण्याआधी जवळच्या लेण्याला एक फेरी मारावी आणि तिथल्या वेदिकेचे, खांबाचे, कमानीचे मोजमापासह फोटो काढावेत. कोकणात कुडा, पुण्याकडे कार्ले, भाजे, जुन्नर, नाशकात त्रिरश्मी, मराठवाड्यात अजिंठा, वेरूळ आणि पितळखोरा, लांब कोणालाच जावे लागत नाही. दुसरे, फुलांचे काम वस्तीतल्याच रंगाऱ्याला किंवा चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींना द्यावे. वेदिकेवरचे कमळ काढायला खिळा, सुतळी आणि खडू लागतो. आधी कर्णिकेचे वर्तुळ, मग केसरांचे, मग पाकळ्यांचे. परिघाचे आधी चार, मग आठ, मग सोळा भाग करायचे आणि मागच्या रांगेची टोके फटींतून काढायची. खांबावर मधोमध पूर्ण, वर आणि खाली अर्धे.

ज्या विहारात गुलाब बसले, तिथे मागच्या भिंतीचे काम अजून बाकी आहे. ती भिंत मुलांकडे द्यायचे ठरले आहे.